आमची थिनरची खोली

भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मागे छोटं पेंट शॉप. जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा होता. २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून हे प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. एजन्सीचं काम लवकर उरकलं. पण आग विझवायचे सिलिंडर चालू आहेत म्हणजे थिनरची खोली सुरक्षित झाली असं नाही, म्हणून मी तीही हातात घेतली.

आधी साठा मोजला. ज्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, २३ अंश सेल्सिअसच्या खाली, ते पेट्रोलियम 'अ' वर्गात येतं. विक्रीसाठी नसेल तर ते एकूण ३० लिटरपर्यंतच विनापरवाना ठेवता येतं. आमच्या थिनरमध्ये टोल्युइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा उघड्या डब्यावर पेट घेण्याइतकी वाफ असते. तेव्हापासून लागेल तसे छोटे सीलबंद डबे मागवतो.

ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. आमचा एक्झॉस्ट मात्र छताखाली होता! तो काढून फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा, पंखा खाली बसवला. भिंतीखालून वेल्डिंगच्या बाजूला जाणारा नालाही बुजवला, कारण पलीकडे ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतात.

सगळ्यात जास्त बोलावं लागलं आधीच्या थिनरच्या रिकाम्या ड्रमवर. भंगारवाला म्हणाला, "ताई, रिकामाच आहे, इथंच गॅसनं कापून नेतो." मी कटर बंदच करायला लावला. तळाशी वाटीभर थिनर उरलं तरी ड्रमभर वाफ होते, आत हवा असतेच, आणि कटरची ज्योत लागली की झाकण उडतं. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्याची मला जास्त भीती वाटते. पाणी साठवायला असे ड्रम कापून घेणारे किती तरी लोक आहेत, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

ओतण्याची पद्धतही बदलली. धातूच्या डब्यातून डब्यात थिनर ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून दोन्ही डबे क्लिप लावून वायरने एकमेकांना आणि जमिनीला जोडतो (अर्थिंग). आमचे पेंटर काका सुरुवातीला कुरकुरले. आता नव्या पोराला तेच दरडावतात, "आधी क्लिप, मग झाकण."

एनॅमल पुसलेलं कॉटन वेस्ट ढिगात आपोआप तापतं, म्हणून त्याला झाकणाचा लोखंडी डबा दिला. तो रोज संध्याकाळी रिकामा होतो.

शेवटी अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावून एजन्सीच्या माणसाने सराव घेतला. पाणी मारलं तर पेटलेलं थिनर पाण्यावर तरंगत पसरतं, म्हणून डीसीपी, म्हणजे कोरड्या रासायनिक पावडरचा सिलिंडर. वारा पाठीशी घ्यायचा, ज्वाळेच्या बुडाशी फवारा मारायचा. पिन ओढताना सगळ्यांचेच हात थरथरले, माझेही. दुसऱ्या फेरीला काकांनी सांगायच्या आत पिन काढली.

रिकामे ड्रम परत न्यायचं पुरवठादाराने कबूल केलंय, आणि ऑर्डरवर मी तसं लिहूनच घेतलंय.