अथेन्स: देव बघायचेत तर टेकडीवर नाही, खाली म्युझियममध्ये जा

पार्थेनॉन या अथेनादेवीच्या प्राचीन मंदिरावरचे ग्रीक देव बघायला ॲक्रोपोलिसची टेकडी चढणार असाल तर आधीच सांगते, वर देव जवळजवळ नाहीतच. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. एका एजंटने 'देवांची शिल्पं दाखवतो, रांग लागणार नाही' म्हणून माणशी ६५ युरो घेतले. साधं तिकीट ३० युरोला ऑनलाइन मिळतं, वेळेच्या स्लॉटसकट, आणि सिक्युरिटीची रांग सगळ्यांना सारखीच, आम्ही त्या रांगेत पाऊण तास उन्हात उभे होतो. अजिबात देऊ नका एवढे पैसे.

प्रॉपिलिया, म्हणजे वरचं महाद्वार, तिथला संगमरवर लोकांच्या पायांनी घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की सपाट तळाच्या सँडलने मी दोनदा घसरले, उतरताना तर कठडा सोडलाच नाही. ग्रिपवाले बूट हवेतच. सावली नाही. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, उष्णतेची लाट असली की दुपारी बंदही ठेवतात.

एवढं करून वर काय, तर मंदिराच्या पूर्वेच्या छताखालच्या त्रिकोणाच्या कोपऱ्यात रेललेला मद्याचा देव डायोनिसस आणि सूर्याच्या घोड्यांची डोकी, तीही प्रतिकृती. १६८७ मध्ये व्हेनिसवाल्यांच्या तोफेने आतला बंदुकीच्या दारूचा साठा उडाला, उरलेल्यातलं साधारण निम्मं लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने लंडनला नेलं.

खरे देव टेकडीखालच्या ॲक्रोपोलिस म्युझियमच्या तिसऱ्या मजल्यावर. पोसायडन, अपोलो, आर्टेमिस शेजारी शेजारी बसलेत. अपोलो मान वळवून मागे पोसायडनकडे बघतोय, आर्टेमिस खांद्यावरून घसरणारं वस्त्र बोटांनी सावरतेय. जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर उठावात हे सगळं, आणि मुळात हे पार्थेनॉनवर बारा मीटर उंचावर होतं, खालून कोणाला ती बोटं दिसत असतील! बसलेल्या देवांची डोकी शिल्पातल्याच उभ्या माणसांच्या बरोबरीने येतात, म्हणजे देव उठले तर केवढे होतील बघा. मी तिथे अर्धा तास हलले नाही, दुखणारे पाय विसरले.

पिवळसर ते अस्सल, पांढरं ते प्लास्टर, एवढं लक्षात ठेवा. झ्यूस, हेरा, अथेना पांढरे आहेत, अस्सल ब्रिटिश म्युझियममध्ये. देवांची एकच बैठक दोन देशांत तोडून ठेवलीय, हे मला सहन होत नाही, ते परत यायलाच हवेत. लंडनला राहणाऱ्यांनी मात्र नक्की जा, तिकीट लागत नाही.

इथलं म्युझियम शुक्रवारी रात्री १० पर्यंत उघडं असतं, ॲक्रोपोली मेट्रो स्टेशनच्या बाहेरच आहे. टेकडी सकाळी, म्युझियम संध्याकाळी, मध्ये झोप काढा.