ताळ्याचा अंक: संख्यांच्या वहीतील प्रगती

माझ्या संख्यांच्या वहीत सध्या एकच विषय चालू आहे: नाव म्हणून वापरल्या जाणाऱ्या संख्या. मोजणे, क्रम लावणे आणि मापणे ही संख्येची तीन कामे शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेली असतात, आणि त्या तिन्ही कामांत संख्येवर बेरीज-वजाबाकी किंवा निदान लहानमोठेपणाची तुलना तरी करता येते. पिन कोड, पुस्तकाचा आयएसबीएन, मोबाइलचा आयएमईआय किंवा आधार क्रमांक यांची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या पिन कोडात नाशिकचा पिन कोड मिळवला तर काहीच हाती लागत नाही. तेथे अंक केवळ खुणेपुरते असतात. तरीही अशा पुष्कळ क्रमांकांच्या शेवटी एक अंक असा असतो, की जो आधीच्या सर्व अंकांवर हिशेब करूनच बसवलेला असतो. त्याला मी ताळ्याचा अंक म्हणतो. क्रमांक उतरवून घेताना हात चुकला तर ती चूक पकडणे एवढेच त्याचे काम. पण ते पुरते साधायचे म्हटले, तर संख्या कशाला म्हणावे या प्रश्नाशी येऊन थांबावे लागते, आणि म्हणूनच हा विषय मला इतका आवडला आहे.

सुरुवात नऊच्या ताळ्यापासून केली. गुणाकार बरोबर आला की नाही हे अंकांची बेरीज करून, नऊ टाकत जाऊन पाहण्याची रीत दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुमारास, आढळते. ती सोपी आहे, पण शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर तिला पत्ता लागत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते. ७२ च्या जागी २७ लिहिले तर फरक ४५ चा पडतो आणि तो नऊने निःशेष भागला जातो. खतावणीत जमा आणि नावे जुळत नसतील आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर आधी अंकांची उलटापालट शोधावी, हे जुन्या हिशेबनिसांना माहीत असे, त्याचे मूळ हेच. हाताने लिहिताना होणाऱ्या चुकांत एखादा अंक बदलणे सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल शेजारचे दोन अंक उलटे होणे, असा क्रम असल्यामुळे या दोन चुकांना धरूनच मी प्रत्येक पद्धत तपासली.

पुस्तकांच्या कपाटाने या कामाला भरपूर माल पुरवला. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन असतो आणि त्याच्या शेवटी कधी अंकाऐवजी एक्स हे अक्षर दिसते. नमुन्यासाठी मी जुळवलेला क्रमांक घेऊ: ८१७२९४३०५९. डावीकडून पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असे उतरत जाऊन शेवटच्याला १ ने गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची. ८०, ९, ५६, १४, ५४, २०, १२, ०, १० आणि ९ मिळून २६४ होतात, आणि २६४ म्हणजे ११ गुणिले २४. बाकी शून्य, म्हणजे ताळा जमला. आता तिसऱ्या-चौथ्या जागेवरचे ७ आणि २ उलटे करून पाहा: बेरीज २५९ होते, तिला ११ ने भागल्यावर ६ उरतात आणि चूक उघडी पडते.

ही पद्धत दोन्ही प्रकारच्या चुका एकही न सोडता पकडते, आणि ते ११ ही मूळ संख्या असल्यामुळे घडते. एखादा अंक बदलला तर बेरजेत पडणारा फरक म्हणजे त्या जागेचा गुणक आणि अंकांतील फरक यांचा गुणाकार. अदलाबदल झाली तर दोन गुणकांतील फरक आणि दोन अंकांतील फरक यांचा गुणाकार. हे सारे घटक ११ पेक्षा लहान आणि शून्याहून वेगळे असतात, आणि मूळ संख्येने ज्यांना भाग जात नाही अशा दोन संख्यांच्या गुणाकारालाही तिने भाग जात नाही. ११ ने भागल्यावर बाकी मात्र अकरा प्रकारच्या उरू शकतात आणि आपल्याजवळ अंक दहाच; म्हणून दहासाठी एक्स. अनेकांना ते अक्षर खटकते. मला ते त्या क्रमांकातील सर्वांत प्रामाणिक चिन्ह वाटते, कारण अकराच्या गणिताची गरज ते झाकून ठेवत नाही.

१ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला. आपल्या नमुन्याच्या क्रमांकाला आधी ९७८ जोडून तो ९७८८१७२९४३०५९ असा होतो (शेवटचा अंक पुन्हा नव्याने काढावा लागतो; येथे तो योगायोगाने ९ च आला). आता अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरजेला १० ने भाग जायला हवा. बेरीज १५० येते. पण येथे ७ आणि २ उलटे केले तर बेरीज १४० होते, तिलाही दहाने पूर्ण भाग जातो आणि चूक निसटते. याच क्रमांकात ९ आणि ४, तसेच ० आणि ५ या जोड्याही उलट्या केल्या तर ताळा काही बोलत नाही. ज्या दोन अंकांत ५ चा फरक आहे अशी प्रत्येक जोडी या फटीतून सुटते.

गुणक १ आणि ३ च्या ऐवजी दुसरे घेऊन काम भागेल का, हे मी बरेच दिवस तपासत होतो, आणि भागणार नाही याचे कारण फार सुंदर आहे. एक अंक बदलल्याची चूक नेहमी पकडायची तर गुणक विषम असायलाच हवा, कारण सम गुणकाने पाचला गुणले की दहाची पट तयार होते आणि पाचच्या फरकाने बदललेला अंक लपून राहतो. पण गुणक विषम घेतले की त्यांच्यातील फरक सम येतो, आणि अदलाबदलीच्या वेळी तोच सम फरक पाचला जाऊन भेटतो. एका चुकीचे दार बंद केले की दुसरीचे उघडते. दहा ही संख्या दोन आणि पाच यांनी बनलेली आहे, याची ही किंमत आहे. दुकानातील मालाच्या बारकोडशी मेळ बसावा म्हणून हा बदल झाला आणि बारकोड वाचणारे यंत्र अंकांची अदलाबदल करत नाही, हे मान्य आहे. तरी हाताने क्रमांक उतरवणाऱ्या ग्रंथपालाच्या बाजूने पाहिले तर दहा अंकी पद्धत अधिक भक्कम होती, असेच माझे मत झाले आहे.

यानंतर बँकेचे कार्ड आणि मोबाइल. दोन्हींत हान्स पीटर लून यांची पद्धत असते. लून आयबीएम या संगणक कंपनीत होते. त्यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मिळाले. फोनवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय दिसतो आणि त्याचा शेवटचा अंक ताळ्याचा असतो. उजवीकडून प्रत्येक दुसरा अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे दोन्ही अंक मिळवायचे आणि सगळ्याची बेरीज दहाच्या पटीत येते का ते पाहायचे. म्हणजे ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ यांच्या जागी अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ येतात. ही साधी पट नसून अंकांची फेरमांडणी आहे, आणि तिच्यामुळे शेजारच्या अदलाबदलींपैकी फक्त ०९ आणि ९० ही जोडी सुटते.

एकच जोडी उरली, तर आणखी चतुर फेरमांडणी करून तीही का पकडू नये? वहीतील माझे सर्वांत आवडते पान या प्रश्नाचे आहे. शेजारच्या दोन जागांवर कोणत्याही दोन फेरमांडण्या घ्या. अदलाबदल नेहमी पकडली जायची असेल, तर त्या दोहोंतील फरक दहाही अंकांसाठी वेगवेगळा यायला हवा, म्हणजे दहाने भागून उरणाऱ्या बाकींत ० ते ९ हे सारे एकेकदा यायला हवेत. त्यांची बेरीज ४५, म्हणून बाकी ५. पण पहिल्या फेरमांडणीतील अंकांची बेरीज ४५ आणि दुसरीचीही ४५, म्हणून फरकांची बेरीज शून्य. शून्य आणि पाच दहाच्या हिशेबात एक होऊ शकत नाहीत. तात्पर्य, दहाच्या बेरजेवर उभी असलेली कोणतीही पद्धत सगळ्या अदलाबदली पकडूच शकणार नाही. कल्पकता कमी पडते असे नाही, बेरीजच तसे होऊ देत नाही.

ही कोंडी याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये फोडली. डच टपाल व्यवस्थेतील खऱ्या चुका गोळा करून त्याने त्यांचे प्रकार पाडले आणि अंक दहाच ठेवून त्यांची बेरीजच बदलली. पुठ्ठ्याचा सुसम पंचकोन कापून हातात घेतला की त्याची युक्ती नीट कळते. ० म्हणजे पंचकोन जसाच्या तसा, १ ते ४ म्हणजे ७२ अंशांच्या पटीत फिरवणे आणि ५ ते ९ म्हणजे पाच अक्षांपैकी एकेका अक्षावर उलटवणे. दोन अंक जोडायचे म्हणजे एकामागून एक या दोन क्रिया करायच्या. एका कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करून आधी फिरवून मग उलटवले आणि नंतर आधी उलटवून मग फिरवले, तर खूण दोन वेगळ्या ठिकाणी जाते. अशा सगळ्या जोडण्यांच्या तक्त्यात १ आणि ५ मिळून ६ होतात, पण ५ आणि १ मिळून ९. क्रम बदलला की उत्तर बदलणारी ही बेरीज अदलाबदल पकडायला अगदी योग्य आहे.

एवढ्याने मात्र पुरत नाही, कारण नुसते फिरवणे असेल तेथे क्रमाने फरक पडत नाही: १ आणि २, २ आणि १, दोन्हींचे उत्तर ३. म्हणून प्रत्येक जागेला वेगळी फेरमांडणी लागते. फेरहूफची फेरमांडणी मी एका वर्तुळावर काढून ठेवली आहे: ० वरून १, मग ५, ८, ९, ४, २, ७ आणि पुन्हा ०; आणि बाजूला ३ व ६ एकमेकांच्या जागी जाणारे. उजवीकडून पहिला अंक तसाच ठेवायचा, दुसरा या वाटेवर एक पाऊल न्यायचा, तिसरा दोन पावले, असे पुढे. २३६३ हा क्रमांक पाहू. उजवीकडचा ३ तसाच. ६ एक पाऊल जाऊन ३ होतो. पुढचा ३ दोन पावलांत परत ३. आणि २ तीन पावलांत ७, ० असे करत १ वर येतो. ३, ३, ३ आणि १ हे सारे फिरवण्याचेच अंक आहेत, म्हणून ते एकेक मिळवत पाचने भागून बाकी घेतली की ३, मग १, मग ४ आणि शेवटी ०. ताळा जमला. मधले दोन अंक उलटे करून २६३३ लिहिले तर शेवटी ४ उरतात.

आधार क्रमांकाचा बारावा अंक याच पद्धतीने बसवलेला असतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. ज्या क्रमांकावर शिधा आणि निवृत्तिवेतन अवलंबून असते, तो भरताना दोन अंक मागेपुढे झाले तर संगणकाने तेथेच थांबवावे, यासाठी पंचकोनाचे हे गणित योजले गेले, हे मला फार मोलाचे वाटते. सराव करणाऱ्यांना विनंती अशी की, स्वतःचा आधार किंवा कार्ड क्रमांक नमुना म्हणून कोणाला लिहून पाठवू नये. सरावासाठी २३६३ सारखे छोटे क्रमांक पुरेसे आहेत.

पिन कोडाला ताळ्याचा अंक नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ती सहा अंकी योजना वेगळ्या तत्त्वावर चालते: पहिला अंक विभागाचा, पुढचे अंक उत्तरोत्तर लहान टापूचे. शिवाय पत्त्यात गावाचे नाव लिहिलेले असते, आणि तोच तिचा ताळा. मालगाडीच्या वाघिणीवर मात्र अकरा अंक असतात आणि शेवटचा ताळ्याचा असतो. गुणक बारकोडासारखेच १ आणि ३, म्हणून पाचच्या फरकाची फटही तीच. फाटकाशी उभे राहून तोंडी हिशेब करायला हे क्रमांक उत्तम आहेत.

सध्या वहीत मिखाएल डाम यांची २००४ मधील पद्धत घेतली आहे. जागेनुसार फेरमांडणी न करता, दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या एकाच तक्त्याने दोन्ही प्रकारच्या चुका पकडता येतात, असे त्यांनी दाखवले. त्याआधी दहा अंकांसाठी असा तक्ता नसावा असा अंदाज होता. पाच अंकांचा तक्ता मी हाताने तयार केला आहे: ओळीचा अंक दुप्पट करून त्यात स्तंभाचा अंक मिळवायचा आणि पाचने भागून उरेल ती बाकी लिहायची. दहासाठी हीच युक्ती चालत नाही, कारण दुप्पट करताना ० आणि ५ एकाच जागी येऊन पडतात. सहा अंकांचा असा तक्ता अस्तित्वातच नाही, हे कागदावर स्वतः पडताळण्याचे काम आता हाती आहे. पहिल्या दोन ओळी निश्चित करून उरलेल्या शक्यता एकेक करून खोडत आहे. ज्यांनी हे आधी केले असेल त्यांनी शक्यता कमी करण्याची आपली रीत अवश्य कळवावी.