नवरा कोल्हापुरात, मी बेळगावात: लेकीच्या पोटगीचा माझा अनुभव

तो कोल्हापूरकडच्या एमआयडीसीत कामाला आणि मी लेकीला घेऊन बेळगावात, वडगावला माहेरी. मध्ये दोन राज्यांच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका. पोटगीचा विषय निघाला की घरातले सगळे त्या नाक्यावरच अडकायचे. मामा म्हणायचे, “अगं, तो पलीकडं, तू अलीकडं. इथल्या कोर्टाचा कागद तिकडं कोण बघतंय?” आईचं वेगळंच. “सोडून दे. आपण खातो त्यात तिचे दोन घास भागतात.” घासांचं भागत होतं. शाळेची व्हॅन, चष्मा आणि दर पावसाळ्यात उठणारा दमा यांचं भागत नव्हतं.

एका वकिलांना भेटले. त्यांनी फी सांगितली, मी कागद पिशवीत घातले आणि जिना उतरले. पुढे शेजारच्या वहिनींनी सांगितलं की जिल्हा कोर्टाकडं कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बायकांना वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्यातलं कलम १२ तसं आहेच: बाई असेल किंवा मूल असेल तर कमाई किती हे विचारायचंच नाही. उत्पन्नाचा दाखला काढत तहसीलदार ऑफिसला खेटे घालायचे नाहीत. ज्यांना ऑफिस सापडत नाही त्यांनी १५१०० ला फोन लावावा, तो देशभर चालतो. फॉर्म कन्नडमध्ये होता. मला बोलायला येतं, पण वाचायला वेळ लागतो. तिथल्या बाईंनी एकेक विचारत भरून घेतला आणि पॅनेलवरच्या एक वकील मॅडम मिळाल्या. मॅडमचं घरचं बोलणं कन्नड, पण मराठी फर्डं. फुकटचा वकील कामाचा नसतो असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. माझ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी पिशवीतले सगळे कागद बाहेर काढून वाचले. फी सांगणाऱ्या वकिलांनी पिशवी उघडायलाही सांगितलं नव्हतं.

स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. मॅडमनी विचारलं, “का ओ? तुमचाही हक्क आहे.” आहे, मला मान्य आहे. पण बायकोने मागितली की समोरचा वकील लगेच सुरू होतो: घर का सोडलं, सबळ कारण काय, वागणूक कशी. बायकोच्या पोटगीला कायद्यातच तशा अटी आहेत. मुलाच्या पोटगीला नाहीत. मूल आहे, लहान आहे, स्वतःला सांभाळू शकत नाही आणि बापाकडं कमाई आहे, एवढ्यावर भागतं. आईबापाचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं याचाही मुलाच्या हक्काशी संबंध नाही. मला माझ्या संसाराचा पंचनामा नको होता, म्हणून अर्ज लेकीच्या नावाने आणि मी तिची पालक. दुसरीने असंच करावं असं मी सांगणार नाही. ज्या बाईकडं शिलाई मशीनसुद्धा नाही तिने स्वतःसाठीही मागावं.

मामांच्या नाक्याचं उत्तर नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १४५ मध्ये निघालं. नवरा राहतो तिथेच जावं लागतं असं नाही, बायको राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणून बेळगावचं फॅमिली कोर्ट. माझा अर्ज याच कायद्याच्या कलम १४४ खाली आहे. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आणि कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून सगळे ‘एकशेपंचवीस’च म्हणतात. जुन्या निकालांत तो नंबर दिसला तर बिचकू नका.

अर्ज कन्नडमध्ये टाइप झाला. लेकीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजी होतंच. लग्नपत्रिका आणि पंचांच्या बैठकीत त्याने ‘महिना तीन हजार देईन’ असं लिहून दिलेला कागद, हे दोन्ही मराठीत, त्यांचं भाषांतर जोडावं लागलं. तो कागद मी नुसता रागाने जपून ठेवला होता. मॅडमना त्याचा भारी उपयोग वाटला, कारण देणं लागतो हे त्याने स्वतःच्या सहीने मान्य केलं होतं.

खरं काम प्रतिज्ञापत्रात आहे. ४ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी कमाई, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथेवर उघड करायचं. मी घरून लिहून नेलं होतं, ‘औषधे ५००’. मॅडमनी त्यावर पेन मारला. “असं गोल नको ओ. दम्याचा पंप कितीला? किती दिवस जातो? बिल हाय काय?” बिलं होती, तांदळाच्या डब्यात. घरी जाऊन डबा पालथा केला, पिठाळलेल्या चिठ्ठ्या झटकून तारखांप्रमाणे लावल्या. दूध अर्धा लिटर, व्हॅन, वह्या, चष्म्याची काच, सगळं त्या रकान्यांत गेलं. माझी कमाईही लिहिली. मी साड्यांना फॉल-पिको करते, त्याची वही आहे, कुणाची साडी, कधी नेली, किती दिले. पानांच्या झेरॉक्स जोडल्या. ओळखीच्या एकीने सल्ला दिला होता की कमाई शून्य दाखव. मला तो पटला नाही, आणि गरजही नव्हती. आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

त्याने दाखवलं की हातात अकरा हजारच पडतात. पगाराच्या स्लिपमध्ये पीएफ होता, तो ठीक. खाली सोसायटीच्या कर्जाचा मोठा हप्ता होता, मोटरसायकलसाठी काढलेलं कर्ज. स्वतःच्या हौसेचा हप्ता पोरीच्या आधी धरता येत नाही, असं मॅडमनी मांडलं. आणि बँकेच्या उताऱ्यात ओव्हरटाइमची रक्कम वेगळी जमा झालेली दिसतच होती.

हे सगळं व्हायच्या आधी बराच काळ समन्समध्ये गेला. पहिलं परत आलं, ‘घरास कुलूप’ असा शेरा. अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, पण ते दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात. नोटीसच बजावली नाही तर मोजणी सुरूच होत नाही. नवरा परराज्यात असेल तर घरचा पत्ता, कामाचा पत्ता, शिफ्टची वेळ, जे माहीत असेल ते सगळं वकिलाला पहिल्याच दिवशी द्यावं. आमचं दुसरं समन्स कारखान्याच्या गेटवर लागलं.

मग समझोत्याची बैठक. मध्यस्थ बाईंनी कन्नडमध्ये सुरुवात केली. त्याला आणि त्याच्या भावाला एक अक्षर कळेना, मला सगळं कळत होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग त्या मराठीवर आल्या. तो म्हणाला, “पोरीला भेटू दे, मग देतो.” त्यावर त्यांनी सांगितलं की भेट आणि पोटगी एकमेकांत अडकवायच्या नाहीत. मी रविवारची भेट कबूल केली. तो येतोही अधूनमधून, लेकीला आवडतं. नंतर त्याच्या भावाने एकरकमी पन्नास हजार घेऊन ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून दे म्हणून आग्रह धरला. मुलाचा हक्क सोडला असं आईला लिहून देता येत नाही, हे मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी सही केली नाही.

अंतरिम आदेश झाला, महिना ५,५००, आणि तो अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. त्यामुळे समन्समध्ये गेलेले महिने वाया गेले नाहीत. आदेशाची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

थोडे महिने पैसे आले आणि बंद झाले. इथं बऱ्याच जणी ‘देईल की’ म्हणत थांबतात. थांबायचं नाही, कारण थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. इथल्याच कोर्टातून वॉरंट काढायचं, किंवा कलम १४७ खाली आदेशाची प्रत घेऊन तो राहतो तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं वसुली मागायची. तिथेही बाई म्हणून मोफत वकील मिळालाच असता. म्हणजे इथला कागद तिकडं बघतात. आम्ही इथूनच वॉरंट काढलं, कारण फॉल-पिकोची गिऱ्हाइकं सोडून कोल्हापूरला जाणं मला परवडत नव्हतं. मुद्दाम बुडवलं तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुरुंगात बसून आला म्हणून बाकी फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. वॉरंट तिकडच्या पोलीस ठाण्यात पोचलं आणि त्याने थकबाकीचा मोठा हप्ता कोर्टात भरला. आता रक्कम थेट खात्यावर येते. कधी पाच तारखेला, कधी वीसला. पासबुक मी दर महिन्याला भरून आणते.

मामांना सांगितलं तर म्हणाले, “मग तू पोलिसांना काहीतरी दिलं असशील.” त्यांना वॉरंटची झेरॉक्स दाखवली. ती कन्नडमध्ये होती, वाचून दाखवायला मीच बसले.

अंतिम निकाल अजून व्हायचाय. लेक जूनमध्ये पाचवीत जाईल, फी वाढेल. परिस्थिती बदलली की रक्कम वाढवून मागता येते, त्याचं कलम १४६. मॅडमनी सांगितलंय, फीची पावती मिळाली की त्याच आठवड्यात घेऊन या.