सपाट गोव्यातील चढ आणि दुपारची धाव : माझा अनुभव

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग स्पर्धेसाठी नाव नोंदवल्यानंतर मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य म्हणजे, "गोवा काय, सपाटच आहे." हे सांगणाऱ्यांपैकी काहींनी गोवा पाहिला होता तो फक्त किनाऱ्यावरून, आणि उरलेल्यांनी मार्गाचा आलेख उघडून एकूण चढाईचा आकडा तेवढा वाचला होता. सिंहगड किंवा बोपदेव घाट चढणाऱ्या पुणेकराला तो आकडा किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. माझा राग त्या आकड्यावर आहे. रस्ता किती मीटर चढतो एवढेच त्यातून कळते. तो चढ किती वाजता समोर येतो, तेव्हा हवेत दमटपणा किती असतो आणि चढून झाल्यावर आपल्याला अजून काय काय करायचे आहे, यांतले काहीही कळत नाही. शर्यत पूर्ण होऊन बराच काळ लोटला तरी तो राग ओसरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शर्यतीचे स्वरूप थोडक्यात असे : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. तिन्ही अंतरे मैलांत मोजून त्यांची बेरीज केली की ७०.३ होते. ही स्पर्धा गोव्यात पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी मिरामारच्या किनाऱ्यावर झाली, आणि तेव्हापासून तिचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचेच राहिले आहेत. पाऊस नुकताच गेलेला, आकाश मोकळे, जमीन अजून ओली आणि समुद्र कोमट, असे हे दिवस असतात. आपण ज्याला 'ऑक्टोबर हीट' म्हणतो ती पुण्यात कोरडी आणि सोसवणारी वाटते. किनाऱ्यावर मात्र तिच्यात इतका ओलावा असतो की सकाळी नुसते उभे राहिले तरी ट्रायसूट, म्हणजे तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा घट्ट पोशाख, अंगाला चिकटतो.

पोहण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, त्यामुळे पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असते आणि स्वतःचा हातही नीट दिसत नाही. दर काही हातांनंतर मान वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, पाहण्याची सवय आधीपासून केलेली हवी. पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असले की वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख) घालून वयोगटातील क्रमांकासाठी उतरता येत नाही, म्हणजे गोव्यात तो विचारच करू नये. वेटसूटमुळे मिळणारा तरंगण्याचा आधार गृहीत धरून वेळ काढली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करावी. गळ्याला व्हॅसलीन आणि मानेला सनस्क्रीन पाण्यात उतरण्यापूर्वीच लावावे, कारण नंतर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेण्याच्या जागी, ओल्या अंगावर सनस्क्रीन बसत नाही.

आता चढ. पणजीच्या दक्षिणेला, मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांच्या मधोमध, जांभ्या दगडाचे पठार आहे. ताळगाव, दोना पावला, बांबोळी ही सगळी नावे त्या पठाराच्या माथ्यावरची किंवा कडेची. किनाऱ्यावरून सायकल आत वळली की या पठारावर चढावेच लागते आणि चढले की उतरावे लागते. घाटासारखी एकच लांब चढण येथे नाही. चढ लहान असतात, पण काही ठिकाणी बऱ्यापैकी उभे, आणि फेऱ्यांचा मार्ग असल्यामुळे एकदा मागे टाकलेला चढ काही वेळाने पुन्हा समोर येतो. पहिल्या फेरीत तो हसत चढून जाता येतो, आणि सगळी फसगत तिथेच आहे.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने सायकल चालवताना आपणच आपल्यासाठी वारा निर्माण करत असतो. तो वारा घाम वाळवतो, आणि घाम वाळला तरच शरीर थंड होते. नुसता घाम गळून जमिनीवर पडण्याचा काही उपयोग नाही. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातील सुमारे पाऊण भाग उष्णतेत जातो, म्हणजे चढावर जोर वाढला की आतली भट्टीही पेटते. त्याच वेळी वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर आलेला असतो, वारा जवळजवळ थांबलेला असतो आणि हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. भट्टी सर्वांत जास्त पेटलेली असताना पंखा बंद पडावा, असा हा प्रकार असतो. चढाईच्या मीटरमध्ये यातले काहीही मोजलेले नसते. पुण्याचा घाट पहाटे साडेपाचला थंड हवेत चढणाऱ्याला हे कळण्याचे कारणच नाही; दुपारी बाराला, शक्यतो वारा नसलेल्या दिवशी, तोच घाट चढून पाहावा म्हणजे गोव्याची थोडीफार कल्पना येईल. घरी ट्रेनरवर (सायकल एका जागी बसवून चालवण्याच्या यंत्रावर) सायकल चालवत असाल तर शेवटच्या दोन आठवड्यांत काही वेळा पंखा बंद ठेवावा. शरीराला उन्हाशी जुळवून घेण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त चिडचिड सहन करावी लागते.

चढाचा दुसरा त्रास कोणीही सांगितलेला नव्हता. चढताना श्वास इतका लागलेला असतो की घोट घेता येत नाही, आणि उतारावर दोन्ही हात ब्रेकवर असतात. म्हणजे पिण्याखाण्यासाठी उरतात ते मधले सपाट तुकडे, आणि तेथेही पुढच्या सायकलीपासून बारा मीटर अंतर ठेवायचे असते, नाहीतर ड्राफ्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा, दंड म्हणून पाच मिनिटे तंबूत उभे राहावे लागते. हँडलच्या मधोमध नळीची बाटली लावून घेतल्यामुळे माझे काम पुष्कळ सोपे झाले. मागच्या चाकाला ३२ दात्यांचा मोठा गिअर बसवून घ्या, हा सल्लाही मी प्रत्येकाला देते. "एवढा लागत नाही" असे म्हणणारे शेवटच्या फेरीत पेडलवर उभे राहून झुलत चढताना दिसतात, आणि त्यांच्या शेजारून बसल्या बसल्या पाय फिरवत पुढे जाण्यात मला जे समाधान मिळाले ते मी लपवणार नाही.

शर्यत खऱ्या अर्थाने अडते ती मात्र सायकल ठेवल्यानंतर. (हेल्मेटचा पट्टा सायकल स्टँडला लागेपर्यंत सोडायचा नाही आणि सकाळी सायकल उचलण्यापूर्वी तो लावलेला असला पाहिजे; घाईत हा नियम मोडणारे पुष्कळ असतात.) अग्रभागी असलेले स्पर्धक ऊन चढण्यापूर्वी बरेचसे अंतर धावून मोकळे होतात. माझ्यासारखी मध्यम वेगाची स्पर्धक सकाळी अकराच्या सुमारास धावू लागते आणि भर दुपारी संपवते, म्हणजे ज्याची तयारी कमी त्याच्या वाट्याला ऊन जास्त. एकूण मर्यादा साडेआठ तासांची असल्यामुळे वेळ पुरतो. पोटाचे मात्र तसे नसते.

धावायला लागल्यावर माझे पोट बंद झाले. उलटी नव्हती, कळही नव्हती. फक्त प्यायलेले सगळे पोटातच डचमळत होते आणि पुढे सरकत नव्हते. याचे कारण सरळ आहे. उन्हात रक्त त्वचेकडे आणि पायांकडे धावते, आतड्यांच्या वाट्याला फार थोडे येते, आणि पचन जवळजवळ थांबते. अशा वेळी घड्याळ पाहून ठरल्याप्रमाणे आणखी एक जेल (ऊर्जेसाठीचा दाट गोड पाक) घेतले तर तो साखरेचा गोळा उलट आतड्यात पाणी ओढून घेतो आणि डचमळणे वाढते. प्रशिक्षकांनी दिलेल्या तक्त्यात तासाला किती ग्रॅम कर्बोदके घ्यायची ते लिहिलेले होते, पण पोटाने ती घेण्यास नकार दिल्यावर काय करायचे, याची ओळ त्यात नव्हती.

करायचे असते ते म्हणजे थांबणे, आणि हेच सर्वांत कठीण जाते. मी चालू लागले. शेजारून माणसे धावत जात होती, सायकलवर मागे टाकलेले चेहरेही त्यांत होते, आणि मला फक्त वाट पाहायची होती. रांगेत उभे राहण्याचा मला तिटकारा आहे; ही रांग तर माझ्याच पोटासमोर लागलेली होती. गोड काहीही बंद, फक्त साध्या पाण्याचे लहान घोट, आणि सगळे लक्ष अंग थंड करण्यावर, असा क्रम मी ठेवला. प्रत्येक मदतकेंद्रावर बर्फ टोपीत, मानेमागे आणि ट्रायसूटच्या आत भरला, मनगटांवर आणि हातांवर पाणी ओतले. अंगाचे तापमान उतरल्याशिवाय पोट उघडत नाही, त्यामुळे तेथे खाण्यापेक्षा बर्फ महत्त्वाचा. डोक्यावर पाणी ओतताना कमरेतून पुढे वाकावे, नाहीतर ते पायांवरून बुटांत उतरते आणि पुढच्या काही किलोमीटरमध्ये फोड येतात.

डचमळणे थांबल्याची खूण म्हणजे ढेकर. ती आल्यावर मी मिठाचे पाणी घोटघोट सुरू केले, आणि थोड्या वेळाने गॅस उडालेला कोला. त्यानंतर सावलीत धावणे आणि चढत्या रस्त्यावर चालणे असे ठरवून टाकले. हे ठरवताना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चढावर चालणारा आणि कण्हत धावणारा यांच्या वेगात त्या उन्हात फारसा फरक राहत नाही. मात्र या संपूर्ण काळात नुसते पाणी ढोसत राहणे धोक्याचे असते. घामातून मीठ जात असताना फक्त पाणीच आत गेले तर रक्तातील सोडियम उतरते. बोटे सुजणे, घड्याळाचा पट्टा घट्ट वाटणे, डोके दुखणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. तसेच भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा तोल जाऊ लागला, तर वैद्यकीय तंबू गाठावा आणि पदकाचा विचार सोडून द्यावा.

पोट सुरळीत झाल्यानंतरचे उरलेले अंतर कसे गेले ते मला नीटसे आठवतही नाही, आणि ते लिहिण्यासारखे नाही. वेळ मनासारखी आली नाही, पण शेवटच्या टप्प्यात मी मागे टाकलेल्या माणसांची संख्या मला पुढे गेलेल्यांपेक्षा नक्कीच जास्त होती.

खाण्याबाबत एक राहिले. सायकलवर सगळे गोड घेऊ नये. मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि खजूर नेला होता, आणि पोट बंद पडण्यापूर्वी जे काही आत गेले होते ते त्याच जोरावर. सोलकढी आणि मासळीचे ताट शर्यतीनंतर. ओआरएस मात्र आदल्या दिवसापासून घ्यावे, आणि शर्यतीत जे घेणार आहात त्याचाच सराव ब्रिकच्या दिवशी, म्हणजे सायकलनंतर लगेच धावण्याच्या सरावात, उन्हात करावा.

पुण्याहून सायकल खोक्यात घालून नेणार असाल तर पेडल घरीच एकदा सोडवून, ग्रीस लावून पुन्हा बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते.