पानाची शीर आणि पुलाची तुळई

शहरातल्या तलावावर पादचारी पूल हवा आणि त्याची रचना निसर्गावरून सुचलेली असावी, एवढीच अपेक्षा माझ्यापुढे ठेवली गेली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात पंख पसरलेल्या बगळ्याचे संकल्पचित्र काढले. ते देखणे होते आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता. आमच्या ज्येष्ठ संरचना अभियंता मॅडमनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे पंख पुलाचे वजन पेलतात, की पुलालाच पंखांचे वजन पेलावे लागते?" उत्तर मला ठाऊक होते. ते चित्र मी त्याच दिवशी बाजूला ठेवले.

पुढचे काही दिवस मी सकाळी तलावाकाठी जाऊन बसत असे. एकदा कुमुदिनीचे सुटून आलेले पान हाती लागले आणि मी ते उलटून पाहिले. वरून तुळतुळीत दिसणाऱ्या त्या पानाच्या पाठीवर देठापासून निघालेल्या ठसठशीत शिरा होत्या. काठाकडे जाताना त्यांना फाटे फुटत होते आणि प्रत्येक फाट्यागणिक त्या बारीक होत दोऱ्याएवढ्या उरत होत्या. याच कुळातल्या व्हिक्टोरिया ॲमेझोनिकाचे पान दोन मीटरहून अधिक रुंद वाढते. इंग्रज उद्यानतज्ज्ञ आणि वास्तुरचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांनी १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये ही वनस्पती फुलवली आणि तिच्या पानाच्या फासळ्यांवरून आपल्याला काचेच्या छपरांची रचना सुचल्याचे सांगितले, हे मी पूर्वी वाचले होते. ते खऱ्या अर्थाने समजले ते मात्र पान हातात धरल्यावर.

तरीही इथे एक मोठी चूक होता होता राहिली. देठ पानाला पेलतो असे मी गृहीत धरले होते. वास्तविक पानाला सर्व बाजूंनी पाणी पेलते, तर पूल खांबावर टेकलेला असतो. त्यामुळे पानाचा आकार जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरले असते. घेण्यासारखी गोष्ट होती ती शिरांच्या बदलत्या जाडीची. खांबापासून बाहेर झेपावणाऱ्या तुळईवर सारखा भार असेल, तर तिला वाकवणारा जोर टोकापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अर्ध्या अंतरावर तो खांबापाशी असलेल्या जोराच्या केवळ एक चतुर्थांश असतो. म्हणून आम्ही तुळयांची खोली खांबापाशी १.२ मीटर ठेवली आणि टोकाला ती ३५ सेंटिमीटरपर्यंत उतरवली. पोलाद वाचले आणि खालून पाहणाऱ्याला पानाची पाठही दिसू लागली.

खांबांची जागा ठरवणे अधिक अवघड गेले. जमिनीची तपासणी करण्यासाठी बोअरिंग केल्यावर कठीण थराच्या आधी जाड गाळ लागला, आणि सर्वांत सोयीची सरळ रेषा नेमकी पाणपक्ष्यांची घरटी असलेल्या वेताच्या दाटीतून जात होती. मी पुलाला वळण देण्याचा आग्रह धरला. वळण आले की तुळईत पीळ येतो, त्यामुळे उघड्या छेदाऐवजी बंद पेटीसारखा छेद घ्यावा लागला आणि वेल्डिंगचे काम वाढले; तो खर्च योग्यच होता असे मला आजही वाटते. चढ २० ला १ पेक्षा तीव्र होऊ दिला नाही, तर दिवे कठड्यातच बसवून त्यांचा प्रकाश पाण्याऐवजी पायांपाशी पडेल असे पाहिले.

एवढे झाल्यावर गणिताने नवी अडचण दाखवली. हलक्या केलेल्या पुलाची उभ्या दिशेतली नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २.१ आली, आणि माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणजे पावलांच्या लयीने पूल थरथरू लागण्याचा धोका होता. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये खुला झाला, पण गर्दीच्या चालण्याने तो आडवा डोलू लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला; डॅम्पर, म्हणजे हालचाल शोषून घेणारी साधने, बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. आमचा धोका आडव्या डोलण्याचा नसून उभ्या कंपनांचा होता, तरी धडा तोच होता. पोलाद वाढवले तर ताठरपणाबरोबर वजनही वाढून सगळी बचत हातची जात होती, म्हणून दोन खांबांमधल्या मधल्या गाळ्याखाली स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाचे डॅम्पर बसवले. पूल वर उचलला जाऊ लागला की ते वजन मागे रेंगाळते आणि त्याची हालचाल शोषून घेते.

चाचणीच्या दिवशी मेट्रोनोम या ठेका देणाऱ्या यंत्राच्या तालावर तीस जण एका लयीत चालले. डॅम्पर अडकवून ठेवलेले असताना कठड्यावरचा माझा हात स्पष्ट थरथरला. ते मोकळे केल्यावर तोच ठेका, तीच माणसे असूनही तळव्याला केवळ बारीक कंप जाणवला. मोजलेली कंपनसंख्या गणितापेक्षा थोडी कमी निघाली, त्यामुळे वजनात काही पट्ट्यांची भर घालून डॅम्पर पुन्हा जुळवून घ्यावे लागले. त्यांच्या पेट्यांची झाकणे मी मुद्दाम वेल्ड न करता बोल्टने बसवून घेतली आहेत, कारण ती दरवर्षी उघडून तपासावी लागणार आहेत.