फेब्रुवारीतला ३१ मार्च

सकाळी सहाला पाटाचं तोंड फोडायचं आणि दहाला बांधायचं, एवढंच काम बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्यावर सोपवलं होतं. ते चिपळूणला डोळे दाखवायला निघाले होते आणि नवरा पहाटेच कलमांवर फवारणीला गेला होता. आगरात फिरून पोफळींच्या आळ्यांत पाणी वळवायचं काम सासूबाईंचं. माझ्याकडे फक्त घड्याळ. "दहाला बांध घाल हो, नाहीतर आप्पा येईल बोंबलत," हे बाबा घरी एकदा म्हणाले आणि एसटीत चढताना पुन्हा एकदा.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात वरच्या पऱ्ह्याचं पाणी पाटाने पाच आगरांत फिरतं. दिवाळीनंतर पाळ्या लागतात त्या पाऊस येईपर्यंत. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कोणाची पाळी कधी हे पोरासोरांनाही पाठ. आमच्यानंतर आप्पांची.

माझी नोकरीही बरीचशी पाळ्या लावण्याचीच आहे. एका मोठ्या वित्तसंस्थेची टेस्ट एन्व्हायर्नमेंट्स मी सांभाळते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आले ती इथेच राहिले. नवं सॉफ्टवेअर खऱ्या ग्राहकांपर्यंत जाण्याआधी ज्या नकली बँकेत चालवून बघतात, ती नकली बँक म्हणजे आमचं एन्व्हायर्नमेंट. आमच्याकडे मोठी अशी चार आहेत (यूएटी-१, २, ३ आणि सिट), आणि ती वापरणाऱ्या टीम वीसेक. प्रत्येक टीमला स्वतःचं का देत नाही, हे दर नवीन मॅनेजर मला विचारतो. एकेका कोअरच्या, म्हणजे बँकेच्या मुख्य यंत्रणेच्या, डेटाबेसचा आकार काही टेराबाइट, त्यावर लायसन्सचा खर्च, आणि खऱ्या डेटातली नावं, फोन, पॅन नंबर झाकून तो आत भरायला पुरा शनिवार-रविवार. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आल्यापासून त्या झाकाझाकीत कोणी हयगय करू धजत नाही, ते बरंच आहे. तेव्हा एन्व्हायर्नमेंट वाटूनच घ्यावी लागतात. त्यासाठी माझी बुकिंग शीट. कोणत्या आठवड्यात कोणतं एन्व्ह कोणाचं, हे रंग भरून त्यात लिहिलेलं असतं. तिचा मला थोडा गर्वच होता.

त्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला मेसेज आला: 'यूएटी-१ ला लॉगिन होत नाही.' मागोमाग यूएटी-३ चा, मग सिटचा. यूएटी-२ चं नाव कोणी काढेना. साडेनऊला ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्यांचा एकत्र फोन, लागला तेव्हा तिथे तीसएक माणसं आधीच हजर, आणि प्रत्येकाचा एक आवडता आरोपी. कोणी म्हणे नेटवर्क, कोणी म्हणे आदल्या संध्याकाळी चढवलेलं नवं सॉफ्टवेअर. सर्व्हरच्या ओळखीच्या सर्टिफिकेटची मुदत संपली असणार असं तर तिघे-चौघे एका दमात बोलले, कारण आमच्या धंद्यात ते निम्म्या वेळा खरं निघतं. सर्टिफिकेट पाहिलं तर जूनपर्यंत ठणठणीत. रात्रीच्या ऑटोमेटेड चाचण्या दोन वाजल्यापासून एकजात आपटल्या होत्या आणि त्याच्या मेलांचा ढीग माझ्या इनबॉक्समध्येच पडून होता. तो फोल्डर मी चहानंतर उघडते. त्या दिवशी चहा झालाच नव्हता.

वरून प्रश्न एकच येत होता: तीनपर्यंत होईल का? दुपारी तीन ते पाच यूएटी-१ वर पेमेंटच्या टीमचं बाहेरच्या एका संस्थेबरोबर सर्टिफिकेशन ठरलेलं होतं. अशी वेळ चुकली की पुढची मिळायला आठवडे जातात.

कॉलवर आवाज वाढले की मी गप्प बसून एखादी बारकी वस्तू मागते. पेमेंटच्या मुलीला म्हटलं, "तुला लॉगिनला मिळालेलं टोकन मला जसंच्या तसं पाठव." टोकन म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या ऑथ सर्व्हरने हातात दिलेली चिठ्ठी: हा माणूस अमुक, याला आत घ्या. बघताना निरर्थक अक्षरांची लांबलचक माळ, पण मधला भाग उलगडला की साधा मजकूर निघतो. त्यात 'या वेळेच्या आधी चालणार नाही' अशा अर्थाची एक दहा आकडी संख्या असते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. नुसती बघून काहीच कळत नाही. मी ती तारखेत बदलून घेतली.

३१ मार्च.

पुन्हा बदलली. ३१ मार्च, सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटं. चाळीस लाखांहून जास्त सेकंद पुढे. आमचे सर्व्हर १२ फेब्रुवारीत बसलेले आणि चिठ्ठी मार्चअखेरची. चिठ्ठी खरी, सही खरी, पण अजून लागू न झालेली. ते तिला दारातूनच परत पाठवत होते, आणि त्यांचं काहीच चुकत नव्हतं. (विंडोजवाल्यांकडे तर ओळख तपासणारा केर्बेरॉस सहसा पाच मिनिटांच्या फरकाला दार लावतो. घड्याळाच्या बाबतीत संगणकाइतकं संशयी कोणी नाही.)

ऑथ सर्व्हरवर शिरले. तारीख ३१ मार्च, घड्याळ जुळवणारी सेवा बंद. लॉग वर सरकवत गेले तर एक ओळ १२ फेब्रुवारी, पहाटे १:५२ ची आणि तिच्या लगेच खाली ३१ मार्च, पहाटे १:५४ ची. दोन ओळींमध्ये दीड महिना गेला होता.

यूएटी-२ त्या आठवड्यात ३१ मार्चचे हिशेब आधीच चालवून बघणाऱ्या वर्षअखेरच्या टीमचं होतं, तेव्हा पुढचं मला कळून चुकलं. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर काढायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१० पासूनचा. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक धरत. रोजचं व्याज म्हटल्यावर फेब्रुवारीतून मार्चअखेरीला एकदम उडी मारता येत नाही, एकेका दिवसाचा ईओडी, म्हणजे दिवसअखेरीचा हिशेब, चालवत जावं लागतं. पोरं तीन दिवस-रात्र चाळीसहून जास्त दिवस ढकलत ३१ मार्चला पोचली होती. पण इतर छोट्या ॲपना कोअरची तारीख कळत नाही, ती सर्व्हरचं घड्याळ बघतात, म्हणून तीही घड्याळं पुढे केली. मग लॉगिन बंद पडलं, कारण त्यांना फेब्रुवारीतली चिठ्ठी कधीच मुदत संपलेली दिसायची. म्हणून रात्रपाळीच्या मुलाने ऑथ सर्व्हरही मार्चमध्ये नेला.

त्याला फोन लावला. झोपेतून उठून आला बिचारा. "मॅडम, शीटवर यूएटी-२ आमच्याच नावावर आहे ना?"

होतं. आणि ऑथ सर्व्हर चारही एन्व्हना एकच, हे त्या शीटवर कुठेच नव्हतं. माझ्या शीटला चार ओळी होत्या, चार एन्व्हच्या. त्यांच्या पोटात जे सामाईक होतं त्याला ओळच नव्हती. ऑथ, मेसेज क्यू, एसएमएसची नकली यंत्रणा, हे सगळं माझ्या डोक्यात.

नेमक्या याच वेळी खळ्यातून आवाज आला. "काय गो सूनबाई, पाणी सोडायचा विचार आहे की आज आमच्या पोफळी उपाशीच?"

माझा माईक चालू होता.

दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. कॉलवरच्या कोणीतरी गंभीर आवाजात "कुठल्या एन्व्हचा इश्यू आहे हा?" म्हणून विचारलं आणि तीस माणसं हसली. मी "पाच मिनिटं" म्हणून उठले. सासूबाई आगराच्या टोकाला, त्यांना वाटलं मी बांध घातला असेल. पाटाच्या तोंडाशी बसून गोणपाट कोंबलं, त्यावर चिखल थापला, पाणी तरी कडेने झिरपतच होतं. आप्पांनी काठीने एक चिरा पुढे ढकलला. "आधी दगड, मग गोणपाट. तुझ्या सासऱ्याने शिकवलं नाही वाटतं." पाणी वळलं. ते आपल्या आगराकडे निघाले, गडग्याशी थांबले आणि म्हणाले, "पाऊण तास गेला माझा. उद्या तुमच्यातला एक तास मी घेणार." पाऊण तासाचा एक तास कसा झाला हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

परत आले तो कॉलवर निकाल लागत आला होता. ऑथचं घड्याळ ताबडतोब मागे घ्या, वर्षअखेरवाल्यांचं पडलं तर पडलं. बोलायला सोपं. तारीख पुढे नेता येते, मागे आणायची तर अख्खा डेटाबेस बॅकअपवरून परत बसवावा लागतो, आणि यांचा शेवटचा ईओडी अर्ध्यावर होता. चिठ्ठ्या मिळेनाशा झाल्या की तो मधेच मान टाकणार आणि तीन दिवस-रात्रींचं काम पाण्यात. त्या टीमची लीड, एरवी भांडायला पुढे असणारी बाई, एकदम गप्प होती. चूक आमची, काय करायचं ते करा, असं तिच्या गप्प बसण्यातून ऐकू येत होतं. मला ते बघवेना, कारण चूक तिची नव्हती.

मी म्हटलं, घड्याळाला कोणी हात लावायचा नाही. आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीवरून, दुसरा ऑथ सर्व्हर उभा करा, आजच्या तारखेत. तीन एन्व्ह त्याच्याकडे वळवा. यूएटी-२ राहू दे मार्चमध्ये.

साडेबारापर्यंत नवा सर्व्हर उभा राहिला. सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएसमध्ये पत्ता बदलला, पण तिथली टीटीएल, म्हणजे जुना पत्ता धरून ठेवायची मुदत, ३६०० सेकंद, म्हणजे तासभर जो तो जुन्याच दाराशी जाणार. ॲप सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट करावे लागले. यूएटी-१ आधी, कारण तीनची वेळ. कोकणातली वीज दीडच्या सुमाराला गेली, ती जाणारच होती. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालले. दोन वाजून दहा मिनिटांनी पेमेंटच्या मुलीने मेसेज टाकला, 'आत गेले.' मी सकाळपासूनचा पहिला चहा घेतला. त्यात साखर नव्हती हे निम्मा पिऊन झाल्यावर कळलं.

सर्टिफिकेशन झालं. वर्षअखेरवाल्यांचा ३१ मार्च संध्याकाळी सात वाजता पार पडून ते १ एप्रिलला पोचले, आणि लीडने मला फक्त हात जोडलेलं एक चित्र पाठवलं.

अहवाल लिहायला रात्री बसले. मूळ कारण या रकान्यात काय लिहायचं यावर वरच्या साहेबांचा आग्रह होता: कंत्राटी कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय बदल केला. मी तो मुलगा आत शिरला कसा हे बघत होते. ऑथ सर्व्हरचा रूट, म्हणजे तिथे काहीही बदलायचा अधिकार, त्याच्या टीमकडे ऑक्टोबरपासून होता. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी रात्री त्यांचं काम अडलं होतं, मला झोप येत होती, आणि 'फक्त आजच्यापुरता' असं लिहून तो मीच दिला होता. मेल सापडला. काढून घ्यायचा राहिला होता. मेल अहवालाला जोडला, रकान्यात माझं नाव घातलं. साहेबांनी सकाळी 'इतकं तपशिलात जायची गरज नव्हती' असं कळवलं. शीटमध्ये आता सामाईक वस्तूंच्या अकरा ओळी आहेत आणि घड्याळाला हात लावायचा तर चारही एन्व्हच्या टीमची हो लागते. लोक वैतागतात. वैतागू देत.

त्या दिवशी बाबा शेवटच्या गाडीने आले. आल्या आल्या पाटाकडे बघून आले आणि म्हणाले, "बांध बरा घातलायस." तो आप्पांचा चिरा होता, हे मी सांगितलं नाही. उद्याच्या एका तासाचं मात्र सांगावंच लागलं.

सकाळी सहाचा अलार्म वाजला तेव्हा पाण्याचा आवाज गडग्याच्या पलीकडून येत होता. मी सातचा लावला.