मँचेस्टरच्या वाचनगटात लक्ष्मीबाई

आमच्या लायब्ररीतल्या वाचनगटात परवा लेखिकांच्या पुस्तकांची एक यादी वाटली. पुढचं वर्षभर काय वाचायचं ते त्यातून ठरणार. यादीत भारतीय नावं होती, पण झाडून सगळ्या इंग्रजीत लिहिणाऱ्या. गीतांजली श्री (२०२२) आणि बानू मुश्ताक (२०२५) यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळूनसुद्धा हिंदी नाही, कन्नड नाही. मराठीचं तर विचारूच नका. घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

गट माझा फार लाडका आहे, म्हणून तर राग आला. महिन्यातून एक संध्याकाळ, बहुतेक निवृत्त बायका, चहा-बिस्किटं. एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रती लायब्ररीच गटाला देते, तेही फुकट. आपल्याकडे चांगलं पुस्तक आलं की ‘बाहेर गेलंय’ हे ऐकत थांबायचं, आणि आपल्या हाती पडेपर्यंत ज्या मैत्रिणीशी बोलायचं ती ते विसरून गेलेली. इथे सगळ्या जणी एकाच महिन्यात एकाच पुस्तकात बुडालेल्या असतात. कुणाला नायिका आवडलेली नसते, कुणी अर्ध्यावर सोडलेलं असतं, आणि तसं सरळ सांगतात. त्यावरून कुणी कुणाला कमी लेखत नाही. आपल्या साहित्यिक कार्यक्रमांत वक्ता बोलतो, अध्यक्ष समारोप करतात आणि ज्या बाईने पुस्तक खरोखर वाचलंय ती मागच्या खुर्चीवर गप्प बसून घरी जाते. याची मला चीड आहे.

तरी वाचनालयं आपल्याला नवी आहेत असं कुणी समजू नये. इथला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १८५० चा. त्याआधीच रत्नागिरीत १८२८ला, नाशिकला १८४०ला आणि पुण्यात १८४८ला वाचनालयं सुरू झाली होती, वर्गणीची का असेनात. हे मी गटात सांगितलं. जरा आवाज चढवून सांगितलं, पण सांगायलाच हवं होतं.

एलिझाबेथ गॅस्केलची ‘मेरी बार्टन’ही १८४८चीच. याच शहरातल्या गिरणी कामगारांची कादंबरी, आणि छापली तेव्हा लेखिकेचं नाव नव्हतं. त्यावर बोलताना मी मालतीबाई बेडेकरांचा विषय काढला. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं आणि ही बाई कोण, म्हणून केवढा गदारोळ झाला! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं तेव्हा मराठीत कुणी लिहिलं होतं, हे गटात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

मग मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ सुचवलं. शांता गोखले यांचं २०१७चं इंग्रजी भाषांतर आहे. गटासाठी एवढ्या प्रती नव्हत्या, पण ग्रंथपाल बाईंनी नकार दिला नाही. जमतील तिथून मागवते म्हणाल्या, आणि लगेच कामाला लागल्या.

आता धास्ती वेगळीच आहे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले, पाच वर्षांनी त्याही झाल्या, एवढंच धरून इथे कुणी त्याला मिशनची गोष्ट समजू नये. वस्तू न वस्तू धुवून घेणारे सोवळेकरी वडील, घरातलं सगळं वाटून टाकणारा कवी नवरा, आणि लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईची ती रोखठोक, खळाळती भाषा. मला त्यांना ही लेखिका दाखवायची आहे.

एवढ्यावर थांबले तर मराठी म्हणजे ब्राह्मणाचं घर असंच त्यांना वाटेल. म्हणून पुढचं नाव मी ठरवून टाकलंय: दलित लेखिका उर्मिला पवार यांचं आत्मचरित्र ‘आयदान’, माया पंडित यांच्या भाषांतरात. तुम्हाला चांगल्या इंग्रजी भाषांतरात आलेल्या आणखी मराठी लेखिका माहीत असतील तर कळवा. यादी मार्चमध्ये पक्की होते.